एईआरबीचे कोड, कॅगचा रिपोर्ट आणि आमची एक्सरे रूम : धंतोलीतून एक रिव्ह्यू

एक्सरे रूममध्ये काम करणाऱ्यांसाठी एईआरबीचे कागद आहेत आणि ते फुकट भेटतात हे मला नोकरी लागल्यावर सहाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा मला तिसरा महिना चालू होता. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईला अणुशक्तिनगरमध्ये नियामक भवन आहे तिथं त्याचं मुख्य ऑफिस. अणुवीज केंद्रापासून तर गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यातल्या छोट्या मशीनपर्यंत सगळ्यांवर त्यांची नजर. मी नागपुरात धंतोलीत एका डायग्नोस्टिक सेंटरला टेक्निशियन आहे, आणि गेल्या काही वर्षांत या मंडळाचे कोड, डायरेक्टिव्ह, वार्षिक अहवाल, त्यांच्यावरचा कॅगचा म्हणजे सरकारी हिशेब तपासनीसांचा रिपोर्ट असं बरंच वाचून काढलं आहे, तर म्हटलं आपल्या लाईनमधल्या लोकांसाठी मराठीत एकदा सविस्तर लिहावं की यात काय चांगलं आहे, काय वाचावं आणि कुठे निराशा होते.

आधी ती गोष्ट सांगते कारण त्याशिवाय मी या कागदांना एवढं का मानते ते समजणार नाही. २०१६ ची गोष्ट, तेव्हा मी दुसरीकडे होती, नाव घेत नाही. दिवस राहिले हे सांगितलं तर तिथले मॅनेजर म्हणाले, "ताई, तुम्ही रिस्क घेऊ नका, घरी बसा, मग पुढचं पुढे पाहू." पुढचं पुढे म्हणजे काय ते मला समजत होतं, माझ्या आधी दोघी जणी अशाच घरी बसल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. घरी मिस्टर पण घाबरलेले, सासूबाई म्हणाल्या पोटातल्या लेकराला करंट लागला तर काय करशील. आणि मला, जिनं डिप्लोमा केला आहे, तिला यातल्या एकालाही नीट उत्तर देता येत नव्हतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं, पण मिलिसिव्हर्ट हे रेडिएशनच्या डोसचं माप माझ्या पोटासाठी किती, ते कोणी शिकवलंच नव्हतं.

त्या रात्री मोबाईलवर शोधता शोधता एईआरबीच्या साईटवर २०११ चं सेफ्टी डायरेक्टिव्ह सापडलं, नंबर ०१/२०११. छोटंसं आहे. त्यात सरळ लिहिलं आहे की रेडिएशन वर्करला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, सामान्य जनतेला वर्षाला १, आणि बाईनं गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये. म्हणजे बाहेर वेटिंगमध्ये बसलेल्या माणसाला जेवढं संरक्षण तेवढंच माझ्या बाळाला. मी ते चार वेळा वाचलं. त्यात कुठेच लिहिलं नव्हतं की बाईला घरी बसवा. काम असं द्या की डोस मर्यादेत राहील, एवढाच त्याचा अर्थ होता. नंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं म्हणजे आयएईएचं जीएसआर पार्ट ३ हे २०१४ चं पुस्तक सापडलं, त्यात तर स्पष्टच आहे की बाईनं गरोदर असल्याचं कळवणं हे तिला कामावरून दूर करायचं कारण मानायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात उतरली, झेरॉक्सवाल्याकडून दोन्हींची लागणारी पानं प्रिंट काढली, पिवळ्या हायलायटरनं ओळी रंगवल्या आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांच्या टेबलवर नेऊन ठेवल्या. सरांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. मग म्हणाले, "हे मलाच आधी करायला पाहिजे होतं." पेशंटजवळ उभं राहावं लागते अशा पोर्टेबल आणि बेरियमच्या केसेस माझ्याकडून काढल्या, काउंटर आणि प्लेट रीडिंग दिलं, पगार चालू राहिला. पोरगी आता चौथीत आहे. त्यामुळे कोणी मला विचारलं की सरकारी पीडीएफ वाचून कोणाचं भलं झालं का, तर माझ्या घरात झालं आहे.

आता कोडवर येते. आपल्या कामाचं मुख्य पुस्तक म्हणजे एईआरबी/आरएफ-मेड/एससी-३, त्याची रिव्हिजन २, २०१६ ची. मेडिकल डायग्नोस्टिक एक्सरे मशीन बनवणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघांनाही हे लागू. इंग्रजी कायद्याच्या वळणाचं आहे, पहिली पानं व्याख्यांनी भरलेली, तिथेच बरेच जण सोडून देतात. सोडू नका, व्याख्या मागे ठेवा आणि खोलीच्या मांडणीपासून सुरुवात करा, कारण तिथे तुम्ही रोज उभे राहता ती भिंत, तो दरवाजा, ती खिडकी दिसायला लागते. एक्सरे रूम बाळंतपणाच्या आणि लहान मुलांच्या वॉर्डपासून, लोकांच्या वर्दळीपासून जेवढी लांब ठेवता येईल तेवढी ठेवा असं त्यात आहे. खिडकी किंवा व्हेंटिलेटरला रेडिएशन अडवणारं शिल्डिंग नसेल तर ती बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर पाहिजे, म्हणजे बाहेर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर. ॲप्रन कमीत कमी ०.२५ मिलिमीटर लेडच्या म्हणजे शिशाच्या बरोबरीचं. मशीनची क्वालिटी टेस्ट दोन वर्षांतून एकदा. मला आवडलं ते हे की वाचल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजू शकता. आमच्याकडे मी खरंच मोजलं होतं, मागची खिडकी कमी भरली, तिथे मागच्या गल्लीत चहाची टपरी आहे आणि लोक खिडकीला पाठ टेकवून उभे राहतात. मालकांना दाखवलं, पंधरा दिवसांत ती वीट-सिमेंटनं बुजवली. चहावाल्या भाऊंना मी काही सांगितलं नाही, ते फक्त म्हणाले खिडकी बंद केली तर तुम्हाला उन्हाळ्यात गरम नाही होणार का.

कमी काय आहे तर कोड तुम्हाला "काय करा" सांगतो, "काऊन करा" फार कमी सांगतो. उदाहरण देते. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती डोस पडला ते मोजणारा बिल्ला, आपण सगळे छातीवर लावतो. त्याच्यात प्लास्टिकच्या डबीत एक कार्ड असते, कार्डावर तीन छोट्या पांढऱ्या टिकल्या, कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम घातलेलं, त्यांच्यासमोर वेगवेगळे फिल्टर. रेडिएशन पडलं की ऊर्जा त्या टिकलीत अडकून बसते, लॅबमध्ये गरम केलं की ती उजेड होऊन बाहेर येते, जेवढा उजेड तेवढा डोस. तीन महिन्यांनी कार्ड जाते, रिपोर्ट येतो. आता प्रत्येक संस्थेला एक कंट्रोल बॅज पण येतो, तो रेडिएशनपासून लांब ठेवायचा असतो. ही ओळ सगळ्यांनी वाचलेली आहे. पण मी जिथे आधी होती तिथे तो कंट्रोल बॅज कन्सोलच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा, वर्षानुवर्षं, आणि कोणाला काहीच वाटत नव्हतं. कारण कोणी सांगितलंच नाही की आपल्या कार्डाच्या आकड्यातून कंट्रोलचा आकडा वजा होतो, म्हणजे कंट्रोलनंच रेडिएशन खाल्लं तर तुमचा डोस कागदावर कमी दिसणार. मला दर तिमाहीला शून्य यायचं आणि मी खूश व्हायची. ते शून्य खरं होतं की ड्रॉवरमुळे होतं हे मला आता कधीच कळणार नाही, आणि याचा मला अजूनही त्रास होतो. कोडमध्ये याच्यासाठी फक्त दोन ओळी "कारण" म्हणून जास्तीच्या असत्या तर कितीतरी जणींचे आकडे सुधारले असते.

आणि हो, बॅज ॲप्रनच्या आतून लावायचा, वरून नाही. ॲप्रन घडी करून फेकायचं नाही, आत लेडला भेगा जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे आता खुंटीवर आडवा पाईप आहे, त्यावरच टांगतो.

वार्षिक अहवाल हा माझा आवडता भाग झाला आहे हे लिहिताना मलाच बरं वाटते. मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली, आणि त्यांचे अहवाल इंग्रजी आणि हिंदीत साईटवर आहेत. सुरुवातीची छायाचित्रं आणि संस्थेची माहिती ओलांडली की अणुवीज केंद्रांचं प्रकरण येते, कुठल्या केंद्रात कोणत्या घटना घडल्या, त्या आयनेस स्केलवर कितव्या पातळीच्या, कामगारांना एकूण डोस किती, बाहेर हवेत-पाण्यात काय सोडलं आणि ते मर्यादेच्या किती. आयनेस म्हणजे घटना किती गंभीर ते सांगणारी ० ते ७ ची पट्टी, चेर्नोबिल आणि फुकुशिमा ७ वर. ११ मार्च २०१६ ला गुजरातमधल्या काक्रापार १ मध्ये जड पाण्याची गळती झाली होती, अणुभट्टी आपोआप बंद पडली, नळीतून गळलं होतं, पातळी १. तारीख पाहा, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्याच दिवशी. हे मी मिस्टरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले अरे हे तर आपण टीव्हीवर पाहिलं होतं तेव्हा वाटलं होतं सगळं दाबून टाकतील. दाबलं नाही, नोंद आहे, नंबर आहे. आपल्या राज्यातलं तारापूर तर १९६९ पासून वीज देऊन राहिलं आहे, त्याच्याबद्दलही अशीच दरवर्षी नोंद भेटते. मला यात समाधान आहे.

पण त्याच मंडळाकडे दुसऱ्या बाजूनं पाहायचं असेल तर कॅगचा २०१२ चा रिपोर्ट वाचलाच पाहिजे, नंबर ९, २०१२-१३, एईआरबीच्या कामाचं ऑडिट. सगळ्यात रोखठोक लिहिलेलं सरकारी पुस्तक माझ्या वाचनात हेच. तेव्हा देशात ५७,४४३ मेडिकल एक्सरे युनिट, त्यातली मंडळाकडे नोंदलेली फक्त ५,२७०. बाकीची ५२,१७३ म्हणजे ९१ टक्के नोंदणीशिवाय चालू. हे वाचलं तेव्हा मी धंतोलीच्या रस्त्यावरून चालत मनातल्या मनात बोर्ड मोजत होती, रामदासपेठेपर्यंत एक्सरे, सोनोग्राफी, ओपीजीच्या पाट्याच पाट्या, विदर्भ तर विदर्भ, मध्य प्रदेश-छत्तीसगडचे पेशंट पण इथेच येतात. नियम मोडला तर तेव्हा जास्तीत जास्त दंड ५०० रुपये होता हेही त्याच रिपोर्टात आहे. पाचशे रुपयांत आमच्याकडे एक-दोन एक्सरे निघतात. ज्यांच्या हातात दंड ठरवायचाच अधिकार नव्हता त्यांच्याकडून धाक कसा राहणार, हा कॅगचा मुद्दा मला पटला. त्यानंतर ई-लोरा नावाची ऑनलाईन नोंदणी आली, मशीन विकत घेण्यापासून सगळं तिच्यातून जाते, आणि हे चांगलं झालं आहे. तिच्यावर पहिल्यांदा फॉर्म भरताना दोन रात्री गेल्या, ते वेगळं.

त्या ऑडिटच्या आधीची मायापुरीची घटना पण समजून घ्या. एप्रिल २०१०, दिल्ली. एका विद्यापीठात कोबाल्ट-६० असलेलं जुनं गॅमा उपकरण कितीतरी वर्षं वापराशिवाय पडून होतं, ते लिलावात भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी तोडलं. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे भाजले. एक्सरे मशीनचं तसं नसते, बटण सोडलं की रेडिएशन संपलं, खोलीत काही राहत नाही, पण कोबाल्ट चोवीस तास चालूच असते, त्याला बटण नाही. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा कारखान्यात असे सोर्स म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणारे आपले जे भाऊ-बहिणी आहेत त्यांना हा फरक जीवाचा आहे. पेशंट मला रोज विचारतात, मशीन बंद केल्यावर खोलीत राहते का काही. आधी मी हसून "नाही हो काका" म्हणायची, आता थांबून समजावते.

आता माझी खरी तक्रार, भाषेची. इंग्रजी कोड टेक्निशियनला जड जाते हे ठीक, पण हिंदी आहे ना, आपण नागपूरकर हिंदी तर झोपेतही बोलतो, असं मलाही वाटलं होतं. उघडून पाहा. आपण बर्डीवर बोलतो ती ही हिंदी नाही. तिथे सेफ्टीला "संरक्षा" आहे आणि सिक्युरिटीला "सुरक्षा", आणि हा फरक त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे कारण एक म्हणजे अपघात होऊ न देणं आणि दुसरं म्हणजे चोरी-घातपात होऊ न देणं. मराठीत आपण दोन्हीला सुरक्षाच म्हणतो. न्यूक्लिअरला "नाभिकीय", आपल्याकडे नाभी म्हटलं की बेंबी. रेडिएशनला "विकिरण". हे शब्द चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, पण बारावी करून डिप्लोमा केलेल्या पुलगावच्या किंवा उमरेडच्या पोरीला ते वाचून हक्क कळणार नाही.

मराठीत काहीच नाही असं नाही. मराठी विश्वकोश आहे, वाईचा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, पहिला खंड १९७६ चा, आणि आता सगळा ऑनलाईन फुकट. अणुऊर्जेवर त्यात मोठे लेख आहेत, भाषा इतकी नेटकी की मी दोन-तीन परिच्छेद वहीत उतरवून घेतले. रेडिएशनला ते "प्रारण" म्हणतात, रिॲक्टरला "विक्रियक". प्रारण हा शब्द मला फार आवडला, कारण किरणोत्सर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बॉम्बच येतो, आणि एक्सरेला किरणोत्सर्ग म्हणणं तसंही बरोबर नाही, तो अणूच्या गाभ्यातून फुटून आलेला नाही, नळीत वीज सोडून तयार केलेला आहे. प्रारणात दोन्ही बसतात. अडचण एवढीच की विश्वकोश विज्ञान सांगते, नियम नाही. माझा १ मिलिसिव्हर्ट त्यात भेटणार नाही.

बाहेरच्यांचं पाहिलं तर आयएईएची सेफ्टी स्टँडर्ड सगळी फुकट उतरवता येतात आणि त्यांच्या कामकाजाच्या भाषांमध्ये अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश, फ्रेंच पण आहेत. अमेरिकेच्या एनआरसीची म्हणजे तिथल्या अणु नियामक आयोगाची इन्फॉर्मेशन डायजेस्ट म्हणून दरवर्षीची पुस्तिका येते, न्यूरेग-१३५०, नकाशे, आलेख, मोठे आकडे, माझ्या पोरीनं पण चाळली आणि तिला कुठे किती अणुभट्ट्या ते कळलं. असं एक पुस्तक महाराष्ट्रासाठी मराठीत पाहिजे. आपल्याकडे तारापूर आहे, तुर्भ्याचं (ट्रॉम्बे) बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे, आणि त्या जैतापूरचा पर्यावरण परिणाम अहवाल तर आपल्या वर्धा रोडच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तयार केला होता. युरेनियम शोधणाऱ्या एएमडीचं मध्य विभागाचं ऑफिस सिव्हिल लाईन्समध्ये आहे, मी त्याच्यासमोरून कितीदा गेली असेल आणि पाटी कधी वाचली नव्हती. एवढं सगळं आपल्या गावात, आणि मराठी माणसाच्या हातात द्यायला चार पानं नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटते.

स्टार द्यायचेच असतील तर २०११ च्या डायरेक्टिव्हला माझ्याकडून पाचपैकी पाच, दुसरं काही देऊच शकत नाही. एससी-३ ला चार, कारण न सांगितल्याबद्दल एक कापला. वार्षिक अहवालाला चार. कॅगच्या रिपोर्टला साडेचार, तो वाचून राग येतो आणि आलाच पाहिजे. हिंदी आवृत्त्यांना अडीच. मराठीसाठी द्यायला समोर काही ठेवलेलंच नाही.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी डायरेक्टिव्ह, अर्ध्या तासाचं काम आहे. मग एससी-३ मधला खोलीचा आणि कामगारांच्या जबाबदारीचा भाग. मालक लोकांनी पूर्ण वाचावा. प्रिंट काढाल तर दोन्ही बाजूनं काढा आणि स्पायरल करा, माझी पहिली प्रत सुटी होती ती सहा महिन्यांत विखुरली. आणि तारीख-रिव्हिजन नंबर आधी पाहा, जुन्या आवृत्त्या पण नेटवर फिरत असतात, आमच्याकडच्या एका सिनिअर टेक्निशियनजवळ अजून २००१ चा जुना कोड होता आणि ते त्याच्यावरूनच भांडत होते.

मी स्वतः डायरेक्टिव्हचे आकडे आणि कंट्रोल बॅजचं कारण असं दोन पानांत मराठीत लिहून काढलं आहे, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून ॲप्रनच्या पाईपशेजारी लावलं आहे. मागच्या महिन्यात इंटर्नशिपला एक नवीन मुलगी आली, भंडाऱ्याची. पहिल्या दिवशी ती ॲप्रन काढायला गेली आणि ते वाचत तिथेच उभी राहिली. मग मला विचारलं, "मॅडम, शिकाऊ लोकांना ६ मिलिसिव्हर्टच का लिहिलं आहे, तुम्हाला २० आहे ना?" आमच्याकडे आलेल्या एवढ्या इंटर्नमधून हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. आम्ही दोघी लंचमध्ये डबा बाजूला ठेवून मूळ पान उघडून बसलो.